ताईनं लावलेली सवय

माझी थोरली बहीण गेली तेव्हा तिची मुलगी तिशी ओलांडून पुढे आली होती, आणि तिला अजून चपलेतला डावा-उजवा कळत नव्हता. ताईच्या आजारपणात मला खरा घोर होता तो या मुलीचा. आज दीड वर्षानं लिहायला बसले आहे ती मात्र मोकळ्या मनानं. घोर उतरला आहे. तो कसा उतरला तेच सांगायचं आहे. त्यात माझं कर्तृत्व थोडं, ताईचं फार.

आम्ही दोघीच बहिणी, पोशीरच्या. घरची भातशेती. आई दिवसभर शेतावर, त्यामुळे मला कडेवर घेऊन वाढवलं ते ताईनंच. तिची शाळा सातवीला सुटली. माझी सुटू नये म्हणून ती वडिलांशी भांडली, आणि मी डी.एड. होऊन प्राथमिक शाळेत लागले, तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त मिरवली. तिला दिलं खालापूर तालुक्यात, चौकच्या पुढच्या एका गावात. भावजी खोपोलीकडच्या कारखान्यात होते. मी लग्न होऊन कर्जतला आले. आमच्या ह्यांचं तहसील कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान. मुलगा-सून आता पुण्याला असतात.

ताईला एकच मूल झालं. पत्रिकेतलं नाव कुणी घेतलंच नाही, सगळे तिला बायच म्हणत आले. जन्मली तेव्हाच डोळे थोडे तिरके, मान लुळी. चालायला लागली ती चौथं वर्ष सरल्यावर. पनवेलच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की हिचं सगळं सावकाशच होणार, समज लहान मुलाइतकीच राहणार, यावर औषध नाही. ताईच्या सासूबाईंना ते पटेना. त्यांनी नातीला देवऋषाकडे नेलं. ताईनं दोनदा जाऊ दिलं. तिसऱ्यांदा नारळ-लिंबू बांधायला घेतले तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "आता बास. पोर आजारी नाय. पोर अशीच हाय."

मी मास्तरीण, मला वाटलं आपण शिकवू. एका मे महिन्यात बायला कर्जतला आणून पाटी-पेन्सिल घेऊन बसले. महिनाभर खपले, पण 'अ' काही तिच्या हाताला लागला नाही. ती पेन्सिल चाखून बघायची. ताई न्यायला आली तेव्हा मी रडकुंडीला आले होते. ती हसली.

"तिला बाराखडी नको गं. दुसऱ्याच्या घरात कसं ऱ्हायचं, त्ये आलं म्हंजे झालं."

आणि तेवढंच ताईनं तिला वर्षानुवर्षं शिकवलं. आत शिरताना पाय धुवायचे. आपलं ताट आपण उचलायचं. पोट भरलं की पुरे म्हणायचं. अंगाला कुणी परक्यानं हात लावला तर ओरडायचं. हे शेवटचं इतकं पक्कं झालं होतं, की एकदा बांगड्या भरायला आलेल्या कासाराला बायनं ओरडून अंगणातून पळवून लावलं होतं. ताईनं त्याची माफी मागितली, पण बायला रागावली नाही.

बायचं स्वतःचं म्हणावं असं एक काम होतं, बिरडं सोलायचं. आमच्याकडे भात कापून झालं की वाल पेरतात. ते वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. दोन बोटांत धरून नेमका दाबला तर साल हातात राहते आणि डाळ अख्खी बाहेर येते. वाटीभर सोलताना माझी कंबर धरते. बायची बोटं आखूड आणि जाड, पण ती दुपारभर सोलत बसायची आणि कंटाळा हा शब्दच तिला ठाऊक नव्हता. भावजी गेल्यावर ताई ते सोललेले वाल घेऊन कर्जतच्या भाजीबाजारात बसू लागली. रांगेच्या टोकाला एक भाजीवाली बसायची, तिच्या शेजारी ताईचं गोणपाट, आणि गोणपाटावर ताईला टेकून बाय.

ताईचं दुखणं कळलं तेव्हा उशीर झाला होता. गर्भाशयाचा कॅन्सर. मुंबईच्या खेपा झाल्या, केस गेले, पुन्हा थोडे आले. मग एका रविवारी ती बायला घेऊन माझ्याकडे आली. बाय बाहेर टीव्हीसमोर बसली. ताई स्वयंपाकघरात पाटावर टेकली आणि मी भाजी चिरत असताना सरळच म्हणाली, "मला आता फार दिवस नायत. बाय तुझ्याकडं येईल ना?"

मी विळी बाजूला सारली. "ताई, असं काय बोलतेस?"

"रडू नको, आधी ऐक. मी गेल्यावर एकदम आनून टाकलीत तर तिचे हाल नि तुमचे बी हाल. तिला आत्तापासून सवय लावू. मी हाय तवर."

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे नाही म्हणाले नाहीत. पण म्हणाले, "आपण दोघं साठीला टेकलोय. आज आपण करू. आपल्यानंतर काय?" मी ताईला तसंच फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "त्ये तू तुझ्या येळेला बघ. माझ्या येळेचं मी बघते."

सवय लावायची म्हणजे काय, ते मला पुढे कळत गेलं. पहिल्या खेपेला दोघी माझ्याकडे राहिल्या. दुसऱ्या खेपेला ताई जेवून निघून गेली आणि बाय मागे राहिली. बाय दाराशी उभी. ताटाकडे बघेना. मी भाताचा घास घेऊन तिच्या मागे फिरत होते, तेवढ्यात ताईचा फोन.

"जेवली?"

"नाही गं. कालवून दिलं तरी तोंड फिरवते."

"ताट झाकून ठेव नि तू तुझं काम कर. मागं फिरलीस तर रोज फिरावं लागेल."

मला ते कठोर वाटलं. सकाळी बायनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि ताट मोरीत नेऊन ठेवलं.

मग प्रवास. चौकहून कर्जतला मिनीडोअर रिक्षा येतात. पहिले काही दिवस ताई बायला शेजारी घेऊन बसली. नंतर बायला पुढे ड्रायव्हरजवळ बसवून स्वतः मागे बसू लागली. आणि एके दिवशी तिनं बायला चढवलं, ओळखीच्या ड्रायव्हरला खूण केली आणि आपण मागच्या मिनीडोअरनं आली. मी कर्जतच्या नाक्यावर जीव मुठीत धरून उभी. बाय उतरली, डावी चप्पल उजव्या पायात, आणि मला बघून म्हणाली, "आई मागं हाय. येते." पाठोपाठ ताई उतरली. त्या दुखण्यातसुद्धा तिचा चेहरा असा होता, की जणू मुलगी बोर्डात आली.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा पटली नव्हती. त्या सुमारास ताईच्या सासूबाई वारल्या. गावात अशा वेळी बायला शेजारी नेऊन बसवायची पद्धत पडली होती, तिला काय कळतंय म्हणून. ताईच्या जावेनं तसं सुचवलंही. ताईनं ऐकलं नाही. तिनं बायला आजीच्या उशाशी बसवलं, तिचा हात धरून आजीच्या कपाळाला लावला.

"थंड हाय?"

"थंड," बाय म्हणाली.

"म्हंजे आजी गेली. आता उठनार नाय, हाक मारली तरी बोलनार नाय. आपन रडायचं. मग जेवायचं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मलाही वाटलं, कशाला हे? मी नंतर ताईला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तिला कुनी सांगितलं नाय, तर ती दारात वाट बघत बसंल. आयुष्यभर."

ताई गेली ती पौषातल्या एका सकाळी, तिच्या घरीच. मी रजा घेऊन तिथंच होते. शेवटचे दोन दिवस ती बोलत नव्हती, पण कण्हतही नव्हती. सकाळी मी तिच्या ओठांना पाणी लावायला गेले आणि कळलं. जाऊ धावत आली, शेजारपाजारच्या जमल्या. बाय अंगणात उन्हाला बसून वाल सोलत होती.

"तिला पलीकडं नेऊन बसव गं," जाऊ मला हळूच म्हणाली.

खरं सांगते, मलाही तेच सोपं वाटत होतं. पण ताईनं काय सांगून ठेवलं होतं ते मला माहीत होतं. मी अंगणात गेले, बायचा हात धरून तिला आत आणलं. पुढचं मला काही बोलावं लागलं नाही. तिनं ओले हात गाऊनला पुसले, आईच्या उशाशी बसली आणि कपाळावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग पायांना लावून बघितला.

"थंड हाय," ती म्हणाली.

"हो गं, बाय."

"उठनार नाय."

"नाही."

तिनं आईच्या पायावरची चादर ओढून नीट केली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी मावशीकडं जानार. आईनं पिशवी भरलीय."

खुंटीला खरंच पिशवी होती. दोन गाऊन, कंगवा, पावडरचा डबा. बायकांत रडारड झाली, मीही रडले. पण त्या रडण्याच्या आत काहीतरी सैल झालं होतं, ते मला तेव्हाच जाणवलं. कित्येक महिने ज्या क्षणाची धास्ती घेतली होती तो क्षण येऊन गेला होता, आणि बाय माझ्यासमोर शांत बसली होती.

दिवसकार्य आटोपून आम्ही तिला कर्जतला आणलं. ती रडली नाही म्हणून लोक म्हणाले, येडी हाय, तिला काय. मला तसं वाटत नव्हतं, पण उलट काही सांगताही येत नव्हतं. पंधरवडा गेला. एका दुपारी मी तिची वेणी घालत होते. मी भांग मधोमध काढला आणि तिनं माझा हात धरला.

"आई इकडून काढते," ती म्हणाली आणि डोक्याच्या कडेला बोट लावलं. "आई इकडून."

आणि तिचं तोंड वाकडं झालं. संध्याकाळपर्यंत रडली. माझ्या मांडीत डोकं घालून, हुंदके देत, मध्येच थांबून पाणी पिऊन पुन्हा. मी तिला गप बस म्हटलं नाही. हे दुकानातून आले, दारातच थबकले. मग आत जाऊन त्यांनीच कुकर लावला. रडणं संपल्यावर बाय उठली, तोंड धुतलं आणि विचारलं, "जेवायला काय?" त्या दिवसापासून तिचा भांग मी कडेनं काढते.

त्यानंतर मला वाटलं, आता निभलं. म्हणूनच पुढच्या महिन्यात झालं त्यानं माझी पाचावर धारण बसली.

माझी शाळा तेव्हा कोंडाण्याच्या बाजूला होती, डोंगराच्या पायथ्याशी. तिथं फोनला रेंज फक्त हातपंपाजवळ. मधल्या सुट्टीत मी पंपाशी गेले आणि फोन वाजायलाच लागला. हे होते, आवाज चिरकलेला.

"बाय घरात नाही. दाराला बाहेरून कडी. चपलाही नाहीत."

आमचा रिवाज असा होता, की हे दुपारी जेवायला घरी येत, तोवर बाय आपली वाल सोलत किंवा टीव्ही बघत असे. एकटी ती अशी कधीच कुठे गेली नव्हती. शाळेतल्या सरांनी मला स्कूटरवर बसवलं. वाटेत मला काय काय दिसत होतं ते सांगत नाही. कर्जतला नदी आहे, रेल्वेचे रूळ आहेत.

हे नाक्यावरच भेटले. मिनीडोअरवाल्यांना विचारून झालं होतं, चौकच्या बाजूला ती गेली नव्हती. जावेला फोन केला, तिथंही नाही. मी घरी आले, पाणी प्यायला फ्रीज उघडला. पाण्याची बाटली काढली आणि बघते तर मधल्या फळीवरचा स्टीलचा मोठा डबा गायब. दोन दिवस बायनं सोललेलं सगळं बिरडं त्यात होतं. बाटली तशीच हातात घेऊन मी भाजीबाजाराकडे पळाले.

रांगेच्या टोकाला ती बसलेली होती. ताईच्या जागेवर, गोणपाटावर, पाय पसरून. समोर डबा, त्यात वाटी आणि सुटे पैसे. मला बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"मावशी, वाल संपलं. किती उशीर!"

शेजारची भाजीवाली कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होती. "या बाई, तुमचीच वाट बघतोय आमी. सकाळीच आली, गोनपाट मागितलं नि बसली. मी इचारलं, मावशीला सांगून आलीस का गं? तर म्हनते, मावशी शाळंत हाय."

"अहो, मग मला कळवायचं तरी!"

"तुमचा नंबर कुठं माझ्याकडं? म्हनून नजर ठेवून बसले, चहालाबी उठले नाय." मग तिनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "नि तुमच्या ताईनं मला सांगूनच ठेवलं व्हतं. बाय कदी एकटी आली तर घाबरू नको, तिला बसवून घे, तिची मावशी येईल. आली का नाय मावशी?"

मी तिथंच गोणपाटाच्या कडेला बसले. हसू की रडू कळेना, आणि मग हसूच आलं, पोटापासून. ताई गेल्यावर मी पहिल्यांदा हसत होते. बाय माझ्याकडे बघून हसायला लागली. बायनं वाटीनं माप कसं दिलं, पैसे कसे डब्यात टाकत गेली, ते भाजीवाली कौतुकानं सांगत होती. तोवर हे धापा टाकत आले. बायनं त्यांना खालून वर बघितलं.

"काका, गोळी घेतली?"

दुपारची रक्तदाबाची गोळी. घेतली नव्हती. माझ्या हातातल्या बाटलीतलं पाणी त्यांनी तिथंच प्यायलं आणि घरी जाऊन गोळी घेतली, बायनं डोळ्यांदेखत घ्यायला लावली.

त्यानंतर आम्ही ठरवून टाकलं. आठवड्यातून दोन सकाळी बाय बाजारात बसते. आता मी निवृत्त झाले आहे, मीच तिला सोडते आणि न्यायला जाते. भाजीवालीकडे माझा नंबर आहे. बायच्या ओळखीची गिऱ्हाइकं झाली आहेत. त्यांतल्या एक बाई तर बाय दिसली नाही की घरी फोन करून चौकशी करतात. आमच्या ह्यांचं म्हणाल, तर ज्या माणसाला साठीत हे कसं जमेल असं वाटत होतं, तो माणूस आता संध्याकाळी दुकान लवकर बंद करतो. बाय आणि ते चहा घेत क्रिकेट बघतात. बायला त्यातलं काही कळत नाही. आऊट झालं की ती टाळ्या वाजवते, कुणीही आऊट होवो.

राहिला तो ह्यांचा प्रश्न, आपल्यानंतर काय. मागच्या दिवाळीत मुलगा-सून आले होते. तो विषय मी काढलाच नाही, सूनच म्हणाली, "आई, ताईमावशींनी तुमच्याकडे जशी सवय लावली तशी आमच्याकडे लावूया ना." आता दोन-अडीच महिन्यांतून एकदा आम्ही बायला पुण्याला नेतो. पहिल्या खेपेला मी सोबत राहिले. दुसऱ्या खेपेला जेवून निघाले. लिफ्टपाशी उभी राहून सुनेचा फोन येईपर्यंत हलले नाही. फोन आला: "जेवत नाहीये हो." मी म्हटलं, "ताट झाकून ठेव." आणि लिफ्टचं बटण दाबलं.

आता जीव थोडा स्वस्थ झाला आहे, तर ताईही वेगळी आठवायला लागली आहे. पहिले काही महिने डोळे मिटले की दिसायची ती शेवटची ताई, गाल बसलेली, विरळ केसांची. हल्ली ती मागे सरकली आहे आणि तिच्या जागी पूर्वीची ताई अवचित येते.

परवा भांडी घासताना मला बघायला आले होते तो दिवस आठवला. पोशीरच्या घरात ओटीवर हे, त्यांचे काका आणि दोन-चार माणसं. मी मान खाली घालून बसलेली, ताई आतल्या दारामागे पोह्यांच्या बश्या घेऊन उभी. काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "स्वयंपाक येतो का?" मी तोंड उघडायच्या आत नवरदेवच घाबरून बोलून गेले, "हो, पिठलं-भात येतो." दारामागे बश्या खळकन पडल्या. ताई हसत सुटली होती, भिंतीला धरून, आवाज दाबायचा प्रयत्न करत, आणि तो काही दाबला जात नव्हता. वडील लाल झाले. पाहुणे निघून गेल्यावर ते तिच्यावर ओरडायला लागले, तर ती डोळे पुसत म्हणाली, "बाबा, ह्याच मुलाला द्या. पोरगी उपाशी नाय ऱ्हानार."

मी मोरीतूनच हे सगळं ह्यांना मोठ्यानं सांगितलं. ते पेपर वाचत होते, वर बघेनात, पण कान लाल झालेले मला दिसले. बाय त्यांच्या बाजूला बसली होती. "काका पिठलं करनार?" तिनं विचारलं.

हे पेपर ठेवून उठले आणि बेसनाचा डबा शोधायला लागले.